एकाच बाटलीतलं पाणी

३ नोव्हेंबर
गुरुजी टेबलावर पट्टीने ठेका धरायचे आणि आम्ही पोरं नदीची कविता एका सुरात म्हणायचो. ती टकटक आज इतक्या वर्षांनी कानांत वाजली, कारण नव्या कचेरीच्या खिडकीतून खरोखरची नदी दिसते. संथ, उन्हात पहुडलेली. निवृत्तीनंतर असं काम मिळायला नशीब लागतं. नदीवर तीन संशोधन केंद्रं: उगमाशी एक, बंधाऱ्यावर एक, खाडीच्या मुखाशी एक. तिघांची तोंडं तीन दिशांना. त्यांची मोट मी बांधायची. उगमाचं केंद्र माझी लेक सांभाळते. म्हणाली, बाबा, आकडे यमकात मांडू नका म्हणजे झालं.

५ नोव्हेंबर
खाडीवरचा रसायनतज्ज्ञ पाण्यातले क्षार मोजतो, म्हणून सगळे त्याला मिठ्या म्हणतात. फोनवर त्याने आधी माझं वय विचारलं, मग रक्तदाब, आणि म्हणाला, आजोबा, मग माझ्यापासून जरा लांबच राहा. लाघवी प्राणी.
तिघांचे आकडे मात्र जुळत नाहीत. प्रत्येकाला दुसऱ्याचं यंत्र खोटं वाटतं. मी तोड काढली: खाडीचं पाणी एका बाटलीत भरायचं, तीच बाटली बंधाऱ्यावर आणि मग उगमाशी न्यायची. प्रत्येकाने थोडं काढून, आल्या दिवशीच मोजायचं. पाणी एकच, तर आकडाही एकच यायला हवा. लेक म्हणाली, बाबा, डोकं अजून चालतं की तुमचं. दिवसभर हवेत होतो.

९ नोव्हेंबर
बाटली बंधाऱ्यावर पोचली. तिथल्या मुख्य बाई एरवी करवादणाऱ्या, आज हसत होत्या. म्हणाल्या, अर्धं पाणी काढलं तरी बाटली गळ्यापर्यंत भरलेलीच, तुमच्या मिठ्याने जादू शिकलीय वाटतं. मीही हसलो.
मिठ्याला सांगावं म्हणून फोन केला. त्याने थट्टा केली नाही. बाटली कुठवर आली, एवढंच विचारलं. हळूहळू, एकेक शब्द चाखल्यासारखा.

११ नोव्हेंबर
बंधाऱ्याचं पाणी खारट झालंय. तिथवर भरती कधी चढत नाही. नदी तर खालीच वाहतेय. मीठ तेवढं वर चाललंय.
बाईंना यंत्र तपासायला सांगितलं. यंत्र ठीक आहे म्हणाल्या. आम्ही सगळे ठीक आहोत म्हणाल्या. मग अगदी मिठ्यासारख्या संथपणे विचारलं, बाटली उगमाला कधी न्यायची?
नेऊच नका म्हणालो. पलीकडे नुसती खळखळ.

१२ नोव्हेंबर
ड्रायव्हरला खाडीवर पाठवलं. परत आला तो पांढराफटक. केंद्र सताड उघडं, जमिनीवर घोटाभर पाणी, माणूस एक नाही. चार-पाच दिवस तरी कुणी नसावं म्हणतो.
मग नऊ तारखेला मिठ्याचा फोन कुणी उचलला —

१३, सकाळी
लेकीला बजावलं, बाटली आली तर हात लावू नकोस. म्हणाली, आलीसुद्धा. बंधाऱ्याच्या बाई स्वतः घेऊन आल्यात, पायी, नखशिखांत ओल्या. दाराबाहेर उभ्या आहेत, हलत नाहीत. बाबा, नियम तुमचाच ना, आल्या दिवशीच —
नियम गेला खड्ड्यात. मागच्या दाराने नीघ, म्हणालो.
पोरीला मीच हे पाणी पाठवलं. मीच —

१३, दुपारी
निघाली. गाडीतून बोलतेय. बाटली उघडली नाही म्हणते. संध्याकाळपर्यंत पोचेल. फोन ठेवू नकोस म्हणालो, नुसती बोलत राहा. देव पाण्यात घालून बसलोय.

दार वाजलं.
काचेतून पाहिलं. लेक. अनवाणी. केसांतून पाणी गळतंय.
फोन कानाला — त्यातही लेकच.
काही सुचत नाहीये, म्हणून लिहितोय, लिहिलं की जरा —
फोनवरची म्हणते, बाबा, कोण आहे? उघडू नका. दारातली म्हणते, बाबा, माझा फोन तिकडेच राहिला, तुम्ही कुणाशी बोलताय? पोहत आलेय, आत घ्या, थंडी वाजतेय.
दोन्ही आवाज तिचे. बाप आहे मी, मला कळायला —
रडतेय. दारातली. नाही, दोघीही —
कडीवर हात —