द्राक्षाच्या सालीतली गोळी

मंगळवार, संध्याकाळ. विश्रामबाग

साताऱ्याहून भाऊजी रेस्व्हेरॅट्रॉलच्या गोळ्या घेऊन आले. "वहिनी, दादा हार्टनं गेला, तुमी तरी घ्या. द्राक्षाच्या सालीतलं हाय."

मी दुपारभर त्या गोळ्यांबद्दल वाचत बसले. उंदरांवर चांगला गुण दिसलाय, माणसांत अजून नक्की नाही. सालीत एवढं काही असतं? आणि हे आयुष्यभर साल थुंकत राहिले. पण रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ती घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करायची गोळी तर माझी रोजची.

भाऊजी म्हणाले, "आपल्या बागेतलं द्राक्षच की. त्याला डॉक्टर कशाला?"

तरी फोन केला. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं विचारलंत. घेऊ नका."

बाटली परत दिली, तरी मन हुरळलंय. जिवाला जपायचं म्हणूनच तर मी फोन केला. हे गेल्यावर आणखी जगावंसं आज पहिल्यांदाच वाटलं.