जुन्या सायकलच्या बदल्यात

रत्नागिरी,
१४ ऑक्टोबर २००८

प्रिय यज्ञेश,

एकवीस महिन्यांत मी तुला एक ओळही लिहिली नाही, त्यामुळे पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे आधी बाजूला ठेवशील. ठेव, पण फाडू नकोस. घरी कुणाला काही झालेलं नाही. रविवारी वेदसाठी नवी सायकल घेतली आणि तिच्या बदल्यात जुनी दिली, त्याबद्दल लिहायचं आहे. जुनी म्हणजे तीच, लाल, जिच्यावरून तो हातखंब्याच्या उतारावर पडला. तू त्याच्या मागे होतास आणि तुझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला लागलं, असं आमच्या घरात सगळे मानतात. तूही मानतोस. मी मानत नाही, आणि पहिल्या दिवसापासून मानत नव्हते. मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मी पुन्हा निम्म्यावर थांबेन.

आधी वेदचं सांगते, कारण तुला कुणी सांगत नसणार. उजव्या मांडीत हाडाला स्टीलची पट्टी आहे, ती आता काढणार नाहीत. गुडघा पूर्ण वाकत नाही. दबलेला मणका भरून आला, पण खड्ड्यात रिक्षा आदळली की तो सीटची कड धरतो. बारावीला दुसऱ्यांदा बसला, दोन विषय राहिले. नेहमीचे शब्द अचानक हरवतात. परवा कंगव्याला तो ‘ते केसांचं’ म्हणाला आणि आम्ही हसायची वाट बघत राहिला, म्हणजे मग त्यालाही हसता येईल. आम्ही हसलो. त्या दिवसाचं त्याला तुमच्याकडे पालीला आंबोळ्या खाल्ल्या एवढंच आठवतं, त्यानंतर एकदम हॉस्पिटलचा पंखा. ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नवे एक्सरे बघून सांगितलं की गुडघ्यासाठी सायकल चालवू द्या, पण पाठीला हादरा बसता कामा नये. आमच्या गल्लीतला रस्ता तुला माहीत आहे. म्हणजे मागे-पुढे दोन्हीकडे शॉकअप असलेलीच सायकल हवी होती.

मारुती मंदिराकडच्या एका दुकानात दसऱ्याची सूट रविवारपर्यंत होती. दुकानाचे मालक हरिहरशेठ बाबांचे जुने विद्यार्थी. बाबा, वेद आणि मी गेलो. मी मापं घ्यायला व्हर्नियर आणि भिंग बरोबर घेतलं होतं. ते बघून शेठ म्हणाले, “ताई, सायकल घेताय की स्थळ बघताय? पत्रिकाही आणली असेल बरोबर!” वेद हसला. दोन सायकली होत्या. एक नवी, लोखंडी, वीस किलोची. तिची मागची स्प्रिंग इतकी कडक की वेद बसला तरी जेमतेम चार मिलिमीटर दबली. त्याचं वजन एक्कावन्न किलो उरलंय. तो शॉकअप नुसता शोभेचा. दुसरी गेल्या वर्षीची, अॅल्युमिनियमची, एकच शिल्लक. वर्षभर काचेमागे उभी राहून तिच्या एका बाजूचा निळा रंग उन्हाने उतरला होता, म्हणून किंमत बरीच खाली आणली होती. तिच्या शॉकअपची चाल अडतीस मिलिमीटर, आणि वेद बसल्यावर तो दहा मिलिमीटर दबला. तेवढाच दबायला हवा. मागचं चाक धरून आडवं हलवलं तेव्हा सांध्यात किंचित ढिलाई लागली, ती बोल्ट आवळल्यावर गेली. मग भिंगातून सगळे वेल्ड पाहिले. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, सारख्या अंतरावर. खोट सापडली नाही. मी शोधत होते.

सूट धरूनही ती आमच्या आवाक्यात बसत नव्हती. मग हरिहरशेठ म्हणाले की जुनी दिलीत तर आणखी कमी करतो. बाबा म्हणाले, ती मोडकी आहे. “असू दे हो, सर. दोन तुकडे असले तरी चालतील. मी काय तिच्यावर बसून कोल्हापूरला जाणार आहे?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ती मागच्या पडवीत गोणपाटात बांधून मी ठेवली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वेद शेठना म्हणाला, “ताई तिला महिन्याच्या महिन्याला ग्रीस लावते. नवसाची आहे आमची.” बाबा रिक्षा करून घरी गेले. ते परत येईपर्यंतच्या पाऊण तासात मी काही बोलले असते तर हे पत्र वेगळं झालं असतं.

आता त्या लाल सायकलचं. दोन हजार सहाच्या नोव्हेंबरमध्ये हँडलखालून पेडलकडे जाणाऱ्या नळ्याला, वरच्या जोडाजवळ, केसाएवढी चीर पडली होती. खाऱ्या हवेने नळा आतून गंजला होता. वेदने मला दाखवली, बाबांना नाही, कारण बाबांनी सायकल बंद केली असती. मी तिला घेऊन मिरकरवाड्याला लवूकडे गेले. लवू बंदरावर ट्रॉलरचं वेल्डिंग करायचा. माझ्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टपासून ओळख. त्याने नळ्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, “ताई, ह्यो नळा पातळ हाय. आमचा रॉड बोटीच्या पत्र्याचा. बाजारात जा, गॅसवर पितळ भरून घ्या.” मी म्हणाले, ट्रॉलर जोडतोस आणि सायकलला घाबरतोस? तो म्हणाला, “ट्रॉलर फुटला तर पवता येतं.” त्याचं बरोबर होतं. पण मला नोकरी लागून चार महिने झाले होते. वेल्ड तपासून पास किंवा नापास करायचं, हेच माझं काम, आणि त्या कामाची मला तेव्हा फार ऐट होती. मी त्याचा वेल्डिंगचा होल्डर मागून घेतला आणि चीर स्वतः वेल्ड केली. कडेने नळा खाल्ला गेला, एक बारीक खाच पडली. कारखान्यात तेवढी खाच दिसली की मी खडूने फुली मारते. तिथे मी ती कानशीने घासून सपाट केली, वर लाल ऑइलपेंट लावला आणि वेदला सांगितलं, आता हत्ती बसला तरी तुटणार नाही. जानेवारीत तो म्हणाला होता की चढावर हँडलखालून करकर आवाज येतो. मी वर्तमानपत्र वाचत होते. चेनला तेल घाल, एवढं म्हणाले.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोतून सायकल उतरवून घ्यायला मीच होते. नळा वेल्डच्या कडेने, त्या खाचेवरच तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग तपकिरी, गंजलेला, आणि उरलेला भाग चकचकीत. एका झटक्यात तुटलेलं लोखंड सगळीकडून चकचकीत असतं. म्हणजे तो नळा कित्येक आठवडे थोडा थोडा तुटत आला होता आणि उतारावर शेवटचा धागा गेला. मग मी मागचं चाक पाहिलं. एकही तार वाकलेली नव्हती. टायरच्या दोन्ही कडांना तांबड्या धुळीचा थर होता तसाच, कुठेही पुसलेला नाही. दुसरं चाक घासलं असतं तर तिथे पट्टा उठला असता. हे सगळं बघायला मला पाच मिनिटं लागली. त्याच संध्याकाळी तू हॉस्पिटलच्या जिन्यात आईसमोर उभा होतास. शर्टावर वेदचं रक्त तसंच. तू म्हणालास, “आत्या, मी फार जवळ होतो. माझंच चाक लागलं असेल.” तू एक शंका बोललास. आईला तेव्हा धरायला काहीतरी हवं होतं, तिने तेच धरलं. मी दोन पायऱ्या वर उभी होते. हातात थर्मास होता. मी खाली उतरले नाही.

पुढचं तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. कॉलेज सुटलं, तू मुंबईला गेलास, गणपतीलाही येत नाहीस. आमच्या बाजूचं सांगते. गेल्या भाऊबीजेला मामा आले होते. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिली, उठली नाही. मामा ओटीवर पाच मिनिटं उभे राहिले, साडीची पिशवी खिडकीत ठेवली आणि चपला घालताना मला म्हणाले, “उर्वी, पोरगा जेवत नाही गो नीट, असं खोलीवाली मावशी सांगते.” तेव्हाही मी बोलले नाही. दर महिन्याला त्या तुटलेल्या तोंडाला ग्रीस मात्र लावत राहिले, म्हणजे चकचकीत भाग गंजून दोन्ही एकसारखे दिसू नयेत. एक दिवस दाखवेन, असं स्वतःला सांगत होते. ऑफिसचा कॅमेरा एका दुपारपुरता आणता आला असता. तो आणला नाही.

तर रविवारी बाबा गोणपाटासकट ती घेऊन आले. हरिहरशेठनी सुतळी कापली, दोन तुकडे पाहिले, “अरेरे” म्हणाले आणि मागच्या आवारात जुन्या सायकलींच्या ढिगावर टाकून आले. मी पावतीवर सही केली. वेद निळ्या सायकलवरून घरापर्यंत हळूहळू आला, आम्ही रिक्षातून त्याच्या मागे. खरं सांगायचं तर मला त्या वेळी हलकं वाटलं. घर येईपर्यंत वाटत राहिलं. मग लक्षात आलं की मी नेमकी कशातून सुटले आहे, आणि स्वतःची किळस आली. पायरीवरच आईला म्हणाले, मला बोलायचं आहे.

आई-बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं. खाच, पेंट, करकर, तपकिरी भाग, धूळ, काहीही गाळलं नाही. अंगणात वेद चकरा मारत होता. बाबा म्हणाले, “पडल्यावर काय तुटत नाही, उर्वी? माणूस तुटला, तिथे नळ्याचं काय घेऊन बसलीस?” मी म्हणाले, आधी नळा तुटला आणि मग तो पडला. आई म्हणाली, “हे आज आठवलं? तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला ना? लहानपणी त्याने फोडलेल्या बरण्या तू स्वतःवर घ्यायचीस, तशी आता ही घेतेयस.” मी म्हणाले, चला, दुकानात जाऊन दाखवते. आईने चुलीकडे तोंड फिरवलं. सोमवारी कामावरून थेट दुकानात गेले. हरिहरशेठ म्हणाले, “ताई, रविवारी रात्रीच ट्रक भरून दिला की! त्यात काय सोनं होतं?” कोल्हापूरच्या भंगारवाल्याचा नंबर घेऊन फोन केला. तो म्हणाला, माल सकाळीच दाबून पुढे गेला. लवूला शोधलं, तो दीड वर्षापूर्वी वेरावळला गेला आणि बंदरावर त्याचा पत्ता कुणाकडे नाही.

एकवीस महिने पुरावा होता तेव्हा मी बोलले नाही. आता बोलले तर माझ्या शब्दापुढे तुझी कबुली उभी आहे, आणि घरात तीच खरी धरली जाते. ती तू दिलेली नाहीस, माझ्या गप्प राहण्याने ती कबुली झाली. म्हणून हे पत्र. उद्या रजा टाकून मी पालीला जाणार आहे आणि मामांना हेच सगळं सांगणार आहे. तेही तुला विचारतील, आईही कधीतरी विचारेल. तेव्हा मला वाचवू नकोस आणि स्वतःलाही बुडवू नकोस. तुला चाक लागल्याचा धक्का हँडलवर जाणवला होता का, एवढंच आठव, आणि जाणवला नसेल तर तसं सांग. तुझं चाक लागलं नव्हतं, यज्ञेश. वेदची सायकल मी चुकीची जोडली होती, जोड चुकीचा आहे हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, आणि तू पडलेल्या माझ्या भावाला उचलून रस्त्याच्या कडेला नेलंस. मी रोज दहा-बारा तपासणीच्या कागदांवर सही करते. हाही तसाच धर. तारीख वर आहे, पूर्ण नाव खाली आहे. हा आईला दाखव, मामांना दाखव, तुला वाटेल त्याला दाखव. कुणीही येऊन विचारलं तर ही सही माझीच आहे, असं मी सांगेन.

तुझीच,
उर्वी श्रीधर लिमये