इटालियन गाण्याला गुंजीचे टाळ

तीर्थस्वरूप नागुआक्का,

बेळगावहून धाकट्या मष्णूचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सगळे इकडे जिवंत आहोत (खुशाल आहोत असं लिहवत नाही). तुझा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? दाजींची प्रकृती मुद्दामच विचारत नाही, कारण ती उत्तम आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं. इतक्या मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाला दुखणं असूच शकत नाही. फोनच करणार होतो, पण तुझा फोन तेच उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. म्हणून तुमच्या शेजारचा शामू बाजाराला आला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. गुडघ्यामुळे तुला परीक्षेला येता आलं नाही, तेव्हा तिथे तुझ्या नवऱ्याने काय केलं ते तुला कोणीतरी सांगायलाच हवं.

आमच्या ऋतिकाला शहापूरच्या विद्युल्लताबाईंकडे इटालियन गाणं शिकायला घातलं, तेव्हाच तू म्हणाली होतीस की त्यापेक्षा पोरीला शिवण शिकव. हे गाणं फार चमत्कारिक आहे. मांडी घालून बसायचं नाही, उभं राहायचं. पेटी नाही, तंबोरा नाही, एक पियानो. आणि हातांनी काहीच करायचं नाही, ते नुसते लोंबत ठेवायचे. दम वाढावा म्हणून बाई पोरींना जमिनीवर उताणं झोपवतात, पोटावर जाडजूड पुस्तक ठेवतात आणि ते श्वासाने वर-खाली करायला सांगतात. सुट्टीत ती तुझ्याकडे राहिली तेव्हा घरात तसलं पुस्तक मिळेना, म्हणून तिने पोटावर तांदळाची पिशवी घेतली आणि तू पोटात दुखतंय समजून तिला हिंगाचं पाणी पाजलंस. (परत आल्यावर बाई म्हणाल्या, आवाज सुधारलाय.) तिच्या वाट्याला जे गाणं आलं, त्याला आरिया म्हणतात, ते एका राणीचं आहे. राणीचा नवरा समुद्रात बुडाला आहे. ती आधी रडते, मध्ये थोडी चिडते आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच रडते, फक्त या खेपेला जास्त हरकती घेऊन. सगळं इटालियनमध्ये असल्यामुळे आपल्याला त्याचा त्रास होत नाही. तुझ्या सोप्यात ती रोज हेच घोकायची आणि दाजींचं भजनी मंडळ कट्ट्यावर बसून ऐकायचं. त्यात काही धोका असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

परीक्षा साधी नव्हती. परीक्षक गोव्याहून आले होते. त्यांनी पसंत केलं तर पोरीला तिकडच्या संगीतशाळेत राहून शिकायला मिळणार, तेही फुकट. पोरगी फार घाबरली होती. आपलं माणूस समोर असलं की धीर येतो, म्हणून मी दाजींना बोलावलं. एकट्याला. (ते आजवर कुठे एकटे गेले आहेत?) अख्खं मंडळ गुंजीला गाडीत चढलं आणि सभागृहाची पहिली रांग धरून बसलं. फेट्यांमुळे मागच्यांना स्टेज दिसेना. गाणं संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असं मी बजावलं, तर दाजी म्हणाले, "मयताला आलोय व्हय रं आम्ही?" पण बसले गप्प.

राणी छान रडली. मध्ये झकास चिडली. मग ते पहिलं कडवं फिरून आलं. भजनात पालुपद फिरून आलं की मंडळींनी ते उचलायचं; नाही उचललं तर गाणाऱ्याचा अपमान. हे आपल्या लोकांच्या रक्तात आहे, पण परीक्षकांच्या नाही. ऋतिकाने तोंड उघडलं, आणि तिचा आवाज निघायच्या आत दाजींनी डावा हात कानामागे धरून ती इटालियन ओळ खड्या आवाजात उचलली. मागोमाग सगळ्या मंडळाने उचलली. पिशव्यांतून टाळ निघाले. (परीक्षेला टाळ कोण नेतं?) पियानोवरचा केयूर आधी थांबला, मग बिचारा टाळांच्या मागे धावू लागला. शेवटाला लय वाढवायची आपली पद्धत तुला माहीत आहेच. राणी इतक्या जलद रडली की नवरा बुडाल्याचा तिला आनंदच झाला असावा. गाणं संपल्यावर दाजींनी स्वतः उठून परीक्षकांच्या कपाळाला बुक्का लावला. त्यांनी तो लावून घेतला, हे त्यांचे उपकार.

मग मात्र माझा तोल गेला. पोरीचं वाटोळं केलंत, असं मी दाजींना बाहेर चारचौघांत बोललो. त्यांनी एवढंच म्हटलं, "पालुपद उचलायचं न्हाय, तर माणसं कशाला बोलिवलीस?" आणि चहाही न घेता स्टेशनची वाट धरली. घरच्या जावयाला असं बोलू नये हे मला कळतं, पण मी एक शब्दही मागे घेणार नाही. परीक्षक येत्या रविवारी तिला पुन्हा ऐकणार आहेत, या खेपेला मंडळाशिवाय. ही शेवटची संधी आहे, आक्का. त्या दिवशी काहीही करून दाजींना गुंजीत अडकवून ठेव. गुडघा फार दुखतोय म्हण.

तुझा त्रासलेला भाऊ,
मष्णू

ता. क. – पत्र पाकिटात घालताना ऋतिकाने वाचलं आणि रडायला लागली (मराठीत). ती म्हणते, ते कडवं फिरून आलं तेव्हा तिच्या डोक्यातून सगळे शब्द पुसले गेले होते. तोंड उघडलं, पण आत काहीच नव्हतं. तिने घाबरून दाजींकडे, म्हणजे तिच्या भावकूमामाकडे पाहिलं, आणि मामाने ओळ उचलली म्हणून तिला पुढचं आठवलं. मी एवढं बोललो, तरी पोरगी गाणं विसरली होती हे त्या माणसाने तोंडातून काढलं नाही. मला फार वाईट वाटतंय, आक्का. हे आधी का नाही सांगितलंस, असं मी पोरीला विचारलं, तर म्हणते, तुम्ही बोलू कुठे दिलंत?

ता. ता. क. – मामा समोर नसेल तर रविवारी ती तोंडच उघडणार नाही म्हणते. शामूची गाडी सुटायची वेळ झाली, पत्र पुन्हा लिहायला सवड नाही. तेव्हा वरचं सगळं चुलीत घाल आणि दाजींना एवढंच सांग, की मष्णू पाया पडतो, रविवारी नक्की या. एकटे या असं म्हणत नाही, ते त्यांना जमायचं नाही. टाळही आणतीलच. गाणं संपेपर्यंत ते टाळ मी माझ्या मांडीवर घेऊन बसेन.