अण्णा नावाच्या बोक्याच्या मालकीबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
रेणवीय निदान केंद्र (पूर्व उपनगरे),
मुलुंड (पूर्व), मुंबई.

विषय : आईच्या काखेतील गाठीच्या नमुन्याची पीसीआर तपासणी उद्यापूर्वी होण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले पत्र, "कार्यालयात मांजर आढळून येत नाही."

महोदय,

सोबतच्या तिसऱ्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर, डाव्या कोपऱ्यात जांभळा ठसा आहे. रुंदी अठ्ठावीस मिलिमीटर. चार बोटे, एक गादी. मांजर चालताना नखे आत घेते, म्हणून नखांच्या खुणा नाहीत. शाई आपल्या आवक शिक्क्याची आहे.

१. माझी आई शकुंतला (वय ६८) १२ जून रोजी शेजारणीचा अहवाल घ्यायला आपल्या कार्यालयात आली होती. आवक ट्रेमध्ये झोपलेल्या बोक्याला ती बाजूला करू लागली, तेव्हा त्याने तिचा हात ओरबाडला. लिपिक श्री. देवेश म्हणाले, "काय नाय मावशी, अण्णा आहे तो. ओळख झाली की काय करत नाय." ओळख होण्याआधीच आईला ताप आला आणि काखेत लिंबाएवढी गाठ आली.

२. गाठीचा तुकडा आपल्याच फ्रीझरमध्ये आहे. क्षयाची तपासणी दोनदा निगेटिव्ह आली. तरी दुसरे कारण न सापडल्यास ६ तारखेपासून सहा महिने क्षयाची औषधे द्यावी लागतील, असे डॉक्टर म्हणतात. आईचे यकृत आधीच नाजूक आहे. मांजराच्या ओरखड्यातून येणारा बार्टोनेला हा जिवाणू वाढवून ओळखायला कित्येक आठवडे जातात. पीसीआर त्याच्या डीएनएचा अंश एका दिवसात दाखवते. नियमाप्रमाणे उद्या, ५ तारखेला, नमुना नष्ट होईल. यंत्र आपल्याकडे आहे, नमुना आहे, बोकाही आहे.

३. अडले आहे ते फॉर्मच्या नवव्या रकान्यात : "संशयित प्राण्याच्या मालकाची सही." पहिल्या अर्जात मी मालक म्हणून आपले कार्यालय लिहिले. उत्तर संदर्भात दिले आहे. दुसऱ्या अर्जात बोक्याचे नाव दिले. आस्थापना शाखेने कळवले की अण्णा नावाचा कर्मचारी मंजूर पदांवर नाही. तिसऱ्या अर्जावरून अण्णा स्वतः चालत गेला. तो ठसा वरिष्ठांचा शेरा समजून अर्ज स्पष्टीकरणासाठी दुसऱ्या शाखेत गेला आणि एकोणीस दिवसांनी "शेऱ्याशी सहमत" असे लिहून परत आला.

४. श्री. देवेश यांनी सुचवले, "मॅडम, तुम्हीच टाका ना सही, मिटवा एकदाचं." मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एक रकाना खोटा भरला, तर खालच्या रकान्यातल्या निष्कर्षावर मी विश्वास कसा ठेवू?

५. आपल्या पत्रानुसार अण्णाला मालक नाही. मालक नसलेल्या मांजरांना नसबंदीसाठी नेणाऱ्या संस्थेस मी ते पत्र दाखवले आहे. त्यांची माणसे आज अकरा वाजता पिंजरा घेऊन येतील. कोणाच्या संमतीची गरज नाही, असे ते म्हणाले.

तरी मालकाबाबत अकराच्या आत निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली नम्र,
संघमित्रा रोकडे
मुलुंड, ४ सप्टेंबर २०२५

सोबत : ठसा असलेला अर्ज, आईच्या हाताचा फोटो, कोरा नववा रकाना.

ता. क. : हा अर्ज आवक खिडकीशी देतानाच माणसे आली. अण्णा पिंजऱ्यात गेला आणि एकदाच ओरडला. सगळी शाखा उभी राहिली. श्री. देवेश पिंजऱ्यासमोर आडवे झाले. आपण अर्धा खाल्लेला बांगडा हातात घेऊन केबिनबाहेर आलात आणि सर्वांसमक्ष म्हणालात, "अहो, ठेवा त्याला खाली! आमचा आहे तो. बाई, आणा तो फॉर्म इकडे."