सिन्नरच्या मंडपातल्या दोन प्लेटी

३ डिसेंबर २००२

भंगारवाल्याकडे आमचं मशीन सापडलं! मी आणि महेबूबने मिळून बांधलेलं, लग्नाच्या मंडपात भोंगे वाजवायचं अॅम्प्लिफायर. कोपऱ्यातला पोचा तसाच आहे. उचलून आणलं. पार्ट काढायला आणलं, असं स्वतःला सांगतोय.

४ डिसेंबर

झाकण काढलं नाही. आत झुरळं असतील म्हणे!

खरं कारण वेगळं. मे १९९०, सिन्नरचं लग्न. सकाळीच रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या, दोन्ही प्लेटी गेल्या. मंडपातच बदलायला बसलो — एक त्याने लावली, एक मी. चालू केलं आणि सडक्या मुळ्यासारखा वास. प्लेटीतलं सेलेनियम जळलं की असाच येतो. पंगत नाकाला पदर लावून उठली. एक प्लेट उलटी लागलीय, हे न उघडताच कळलं. मी सगळ्यांदेखत महेबूबला म्हणालो, "तुझ्या हाताला अक्कल नाही. उद्यापासून दुकानात येऊ नकोस." आठ वर्षं माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एका टेबलावर बसलेला माणूस! तो पिशवी उचलून एसटी स्टँडकडे गेला. पुढे मालेगावला सासुरवाडीच्या आधाराने राहिला, एवढं कानावर आलं. मंडपवाला इतका चिडला होता की मशीन त्याने परत दिलंच नाही.

५ डिसेंबर

आजही नाही.

६ डिसेंबर

उघडलं.

प्लेटीवर लाल ठिपका असतो. तिथून प्लस बाहेर निघतो. नवशिक्याला वाटतं, तिथून आत द्यायचा. मला हे महेबूबनेच शिकवलं होतं. आता दोन्ही प्लेटी काढायच्या, त्यांच्या जागी डायोड लावायचे, पुढे एक रेझिस्टन्स टाकायचा, नाहीतर व्होल्टेज चढतं. तासाभराचं काम.

डावीकडच्या प्लेटीचा ठिपका, जिथून वीज आत येते त्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला निघाला. हीच ती उलटी. सोल्डर तापवून तार सोडवायला गेलो आणि हात थांबला. मी डावखुरा. तार जोडताना माझा पीळ उलटा पडतो, महेबूब त्यावरून चेष्टा करायचा. उजवीकडच्या प्लेटीचा पीळ सुलटा, त्याचा. डावीकडचा माझा.

भिंग लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. माझाच.

७ डिसेंबर

दुकान उघडलं नाही.

८ डिसेंबर

कारण आहे माझ्याकडे. मीना जाऊन तेव्हा नऊच दिवस झाले होते. साडेचार वर्षांची माझी पोर, तापाचं निमित्त झालं. लग्नाची सुपारी आधीच घेतलेली, म्हणून कामावर उभा राहिलो. हातात काय आहे, डोळ्यांना काय दिसतंय, काही कळत नव्हतं. पण हे झालं त्या दिवसाचं. पुढची बारा वर्षं? मालेगाव काही विलायतेत नाही. एकदा गाडीत बसलो असतो तर पोचलो असतो. अक्कल माझ्या हाताला नव्हती आणि मी त्याला हाकलला. फार लाज वाटते.

उद्या जातो. पाय धरीन त्याचे. शिव्या घातल्या तर बरंच.

९ डिसेंबर

महेबूब नाही. तीन वर्षं झाली. कावीळ.

विचारत विचारत घर गाठलं. दार त्याच्या बायकोने उघडलं, मेहरुन्निसाभाभीने. लगेच ओळखलं. चहा ठेवला. मी सगळं सांगितलं — ठिपका, पीळ, सगळं. सांगताना रडलो. भाभी खाली बघून ऐकत होत्या. मग त्यांनी त्याची पेटी दाखवली. टेस्टर, पक्कड, कटर, सगळं पुसून ठेवलेलं. शेवटपर्यंत रेडिओच दुरुस्त करत होता.

परतीच्या गाडीत उभा होतो. चांदवडला जागा झाली, तरी बसलो नाही.

११ डिसेंबर

परवा एक गोष्ट लिहवली नाही. माझं बोलणं संपल्यावर भाभी म्हणाल्या, "त्यांना मंडपातच दिसलं होतं, चंदरभाई. घरी येऊन म्हणाले, आत्ताच लेकीला पोचवून आलाय तो. आता हेपण त्याच्याच डोक्यावर कशाला?"