नातीचे कान टोचले

रविवार, दिवेलागणीला

आज छकुलीचे कान टोचले. माझ्या जुन्या कुड्या मोडून केलेल्या बाळ्या, काय गोड दिसते म्हणून सांगू. सोनार नारपोलीहून घरीच आला. पण डोक्यातून ते पिस्तूल जात नाही.

आमच्या रीतीप्रमाणे बाळ आजोबांच्या मांडीवर. तिनं पाय झाडले, यांचा सदरा वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल सुनेला दिसलं.

"बाबा, निवडणूक लागली म्हणून पोलीस ठाण्यात जमा केलं म्हणालात ना?"

"जन्म पोलिसात गेला माझा. मला नियम शिकवतेस?"

"रिटायर झालात, आता नियम आपल्यालाही. ते काढा, नाहीतर बाळ द्या."

हे हळूच म्हणाले, "मी आत टाकलेला सुटलाय गं. तो काय नियम बघून येणार?"

मला वाटलं, काढतील. नातीला दिवसभर खाली ठेवत नाहीत. तर यांनी बाळच उचलून माझ्या मांडीवर दिलं, पिस्तुलावर सदरा ओढला आणि दाराकडे तोंड करून बसले.

एवढी भीती यांच्यात कधी शिरली? मला कसं कळलं नाही?

सून बॅग भरतेय. उद्या बाळाला घेऊन अंजूरला, माहेरी. मी तिला थांब म्हटलं नाही.