यंदा ग्रीन बे कितवं

मैलापूर, मद्रास
२९ ऑगस्ट १९६५

प्रिय वेंकू,

तुझं पत्र परवा शाळेच्या पत्त्यावर आलं. आता घरच्या पत्त्यावर पाठवायला हरकत नव्हती, पण तुझ्या हाताला शाळेचीच सवय झालेली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटून ठेवलं. घरी येऊन मग सगळं वाचलं. अप्पांचं सगळं उरकल्यावरच तार तुझ्या हाती पडली, हे तुला किती लागलंय ते मला कळतं. काकांच्या गुरुराजने अग्नी दिला, पुढचे दिवसही त्यानेच केले. कशात काही कमी पडलं नाही, एवढं मनाशी धर. तू एकच गोष्ट विचारली आहेस, "अप्पा शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेलेच होते का?" त्याचं उत्तर मला एका ओळीत देता येत नाही. तेव्हा हे पत्र लांबेल. सावकाश वाच.

अमेरिकेत तिथल्याच मुलीशी लग्न केल्याचं तुझं पत्र आलं तो दिवस मी तुला कधी नीटसा सांगितला नाही. अप्पांनी ते उभ्यानेच वाचलं, पुन्हा पाकिटात घातलं आणि म्हणाले, "यापुढे त्याची पत्रं या घरात यायला नकोत." आवाज चढवला नाही. आई असती तर रडली असती, भांडली असती, आणि दोनचार महिन्यांत सगळं निवळलं असतं. पण आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि मला भांडता येत नाही. मी तुला शाळेचा पत्ता कळवला. घरात तुझं नाव निघेनासं झालं.

त्याच वर्षी ते पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झाले. पहिले काही दिवस दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसून काढले, मग लझच्या कोपऱ्यावर बस धरून माउंट रोडच्या अमेरिकन लायब्ररीत जायला लागले. मला म्हणाले, तिथे पंखे चांगले आहेत. तिथे बोटीने आलेली न्यूयॉर्कची जुनी वर्तमानपत्रं असतात, ती ते वाचत. मला वाटे, राजकारण वाचत असतील. ते तुझं गाव शोधत होते, वेंकू. तिकडे थंडी किती पडते, बर्फ किती साचतं, तू काम करतोस ती कागदाची गिरणी नीट चालली आहे ना, असं काहीतरी मिळेल म्हणून पानं उलटत होते. पण एवढ्याशा गावाची बातमी न्यूयॉर्कचे लोक कशाला छापतील? तुझ्या ग्रीन बेचं नाव एकाच पानावर यायचं, खेळांच्या. तेही फुटबॉलमुळे.

एका संध्याकाळी मी त्यांना दहीभात वाढत होते. ताटाकडे बघतच ते म्हणाले, "यंदा ग्रीन बे पहिलं येईल असं तिकडच्या लोकांचं मत आहे."  लग्नाचं पत्र आलं त्या दिवसानंतर तुझ्या गावाचं नाव त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. मी विचारलं, कशात पहिलं? मग त्यांनी मला समजावून सांगितलं. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं. एकंदर चौदा संघ. हंगाम सुरू व्हायच्या आधी वर्तमानपत्रवाले त्यांचा क्रम लावतात, कोण वर राहील, कोण तळाला जाईल. "सरी, ते बरोबर आहे, पण बाकीच्यांत ते उगाच मोठ्या शहरांना वर ठेवतात," असं म्हणून त्यांनी हात धुतले.

त्या आठवड्यात मी तुला सहज विचारलं की तुमच्या गावचा संघ कसा आहे. तू चार पानं लिहिलीस. एवढं मोठं पत्र तू मला त्याआधी कधी लिहिलं नव्हतंस. ते घरी नेऊन वाचून दाखवणं शक्य नव्हतं. म्हणून मी अप्पांना म्हटलं, शाळेत एका बाईंकडे अमेरिकन मासिक येतं, त्यात असं असं आलंय. ते डोळे मिटून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून आले ते त्या मासिकवाल्याचं म्हणणं कुठे चुकतं, हे मला सांगतच. मी ते जसंच्या तसं तुला कळवलं. मग दर ऑगस्टमध्ये हेच चालू झालं. अप्पा नेहमी तळापासून क्रम लावत. म्हणत, पहिला कोण ते कुणीही सांगेल, शेवटचे चार लावायला डोकं लागतं. म्हातारे खेळाडू किती, डिसेंबरच्या गारठ्यात कोण टिकेल, सगळ्याचा विचार. तू मला चिडवायचास, अक्का, तू मास्तरीण आहेस की कोच, तुला हे सगळं कळतं कुठून? मला आजही तो खेळ कळत नाही, वेंकू. त्यातलं एक मतही माझं नव्हतं.

त्रेसष्टचं तुला आठवत असेल. तू ग्रीन बेला पहिलं ठेवलं होतंस आणि "मी" शिकागोला. तू रागावून लिहिलंस की आमचा मोठा खेळाडू वर्षभर बाहेर बसवलाय हे खरं, तरी आम्हीच जिंकणार. ते मी मासिकाच्या नावावर अप्पांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "या लिहिणाऱ्याला गावाचा लळा लागलाय. क्रम लावायच्या कामाचा नाही हा." त्या वर्षी शिकागोच पहिलं आलं. आपलं खरं झालं म्हणून अप्पा खुश होतील असं मला वाटलं होतं. पण ती बातमी घेऊन ते आले तेव्हा कापीसुद्धा न घेता बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "काय गे, तुझ्या मासिकातला तो माणूस मैदानात बसून सामने बघतो ना? त्या थंडीत कानाला काही बांधतो का?" मी बोलून गेले, विचारते. बोलल्यावर माझ्या लक्षात आलं. मासिकवाल्याला कोण कसं विचारणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते उठून मागच्या अंगणात गेले. त्यांना किती दिवसांपासून ठाऊक होतं, हे मी कधी विचारलं नाही.

तू उत्तरात लिहिलंस की बायकोने लोकरीची टोपी विणून दिली आहे, कान पूर्ण झाकणारी. मी अप्पांना टोपीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, विकतची का? मी म्हटलं, घरातल्या माणसाने विणलेली.  त्यानंतर थंडीबद्दल त्यांनी पुन्हा काळजी केली नाही. तुझ्याकडे बघणारं कुणीतरी आहे, हे त्यांना पटलं असावं.

यंदा अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बारीक अक्षरं दिसेनात. मग शनिवारी मी बरोबर जायचे आणि हळू आवाजात वाचून दाखवायचे. जुलैच्या शेवटी लायब्ररीच्या पायऱ्यांवर त्यांच्या छातीत कळ आली. इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस पडून राहू दे, मग घरी न्या. मला खरंच वाटत होतं की आपण त्यांना घरी नेऊ. ते बोलत होते, कांजी घेत होते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला चौदा संघांची नावं सांगत होते. एका दुपारी यंदाचा क्रम लावायला घेतला, तळापासून. मधल्या संघांपाशी दमले, थांबले, पुन्हा लावू लागले. क्लीव्हलँड तिसरं म्हणाले. बाल्टिमोर आणि ग्रीन बे राहिले. मी विचारलं, या दोघांत कोण? म्हणाले, "घाई नको. अजून सराव चाललाय त्यांचा. उद्या बघू."

संध्याकाळी भेटीची वेळ संपत आली होती. मी डबा भरून निघाले तर त्यांनी मला परत बसवलं. म्हणाले, "त्याला यंदा बोलवायचं. सामने संपले की येऊ दे. मार्गळीत, डिसेंबरच्या शेवटी, हवा बरी असते, त्या मुलीला इथला उन्हाळा सोसायचा नाही. तुझी खोली त्यांना द्यावी लागेल, पूर्वेच्या खिडकीमुळे तिथे वारा येतो. तिखट कमी घालायला शीक." मी विचारलं, आज लिहू का?  ते म्हणाले, "तू नको. इतकी वर्षं तू लिहिलंस. आता मी लिहीन, घरी गेल्यावर." मी बरं म्हणून निघाले. सकाळी कापी घेऊन पोचले तर नर्सने मला दारातच थांबवलं. पहाटे झोपेतच गेले म्हणाली.

तुला तार केली तेव्हा हे त्यात मावणारं नव्हतं. नंतर रोज लिहायला बसायचे आणि वाटायचं, हे पत्र अप्पांचं आहे, मी कशी लिहू? परवा तुझा प्रश्न वाचला आणि ठरवलं, आता माझ्याशिवाय लिहिणारं कुणी नाही. वेंकू, अप्पांनी तुम्हा दोघांना बोलावलं आहे. मार्गळीत या. ते गेले, आता कशाला यायचं, असं मनात आणू नकोस. त्यांनी तिला "ती मुलगी" म्हटलं, नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिला हे पत्र तू तुमच्या भाषेत वाचून दाखव आणि सांग, सासऱ्यांनी तिच्यासाठी खोली निवडली होती. मी कालच माझं सामान मागच्या खोलीत हलवलं.

वाट बघणारी,
तुझीच,
कनका अक्का